पालोमाची खुर्ची समुद्रापार

बतूल बक्कालीला स्पॅनिश कुणी शिकवली नाही. मोरोक्कोतल्या तेतुआनमधल्या आमच्या वयाच्या बहुतेकांसारखी ती टीव्हीवरून शिकली. समुद्रापलीकडच्या स्पेनच्या वाहिन्या आमच्या गच्चीवरच्या अँटेनाला रबातच्या वाहिनीपेक्षा स्वच्छ लागायच्या. बतूलचे वडील ती लहान असतानाच गेले. आई, लल्ला राहिमो, नवरीच्या पोशाखांवर जरीचं काम करायची, आणि सुई चालू असली की टीव्हीही चालू असायचा. पूर्वेचा शर्गी वारा सुटला की चित्र हलायचं, आवाज तेवढा येत राहायचा. त्यामुळे बातम्या, मालिका, बैलझुंजी, साबणाच्या जाहिराती, सगळं त्या पोरीने कानांनी पाठ केलं. शाळेत तिची फ्रेंच बेताचीच होती. स्पॅनिश मात्र अशी की स्पेनच्या ताब्यातल्या सेउताहून येणारे व्यापारी विचारायचे, तुझी आई तिकडची का?

माद्रिदच्या एका टेलिफोन कंपनीने मार्तीलच्या रस्त्यावर, जुन्या सूतगिरणीच्या इमारतीत, ग्राहकांच्या तक्रारी घेण्याचं केंद्र काढलं तेव्हा बतूल आणि मी एकाच दिवशी मुलाखतीला गेलो. एक बाई ग्राहक बनून आमच्यावर खेकसायची आणि आम्ही शांतपणे उत्तर द्यायचं, एवढीच परीक्षा. मग कामासाठी एक स्पॅनिश नाव घ्यायला सांगितलं. मी, अन्वर, आल्बेर्तो झालो. बतूलने पालोमा घेतलं. का, तर म्हणे, "म्हणायला सोपं आहे आणि कुणी स्पेलिंग विचारत नाही."

आम्हाला शिकवायला स्पेनमधल्या वायादोलिदहून मेर्सेदेस नावाची बाई आली. चाळिशीची, सडपातळ, एकामागून एक सिगरेटी ओढणारी. शिकवायची फार छान. राउटरवरचे दिवे, कोणता लाल झाला की काय विचारायचं, चिडलेल्या म्हाताऱ्याला आधी बोलू कसं द्यायचं, हे सगळं तिने आमच्याकडून घोटवून घेतलं. बतूलवर तिचा विशेष जीव. एका शुक्रवारी बतूलने तिला कुसकुस खायला घरी नेलं. मलाही बोलावलं होतं. जेवणं झाली, चहा आला, आणि लल्ला राहिमोने हातातलं जरीकाम दाखवायला पुढे केलं, तर ते मांडीवर घेऊन मेर्सेदेस एकदम रडायलाच लागली.

लल्ला राहिमोने अरबीत लेकीला विचारलं, "नवरा मारतो काय गं तिला?"

"आई, तिला नवराच नाही."

"मग रडते कशाला?"

मेर्सेदेसने डोळे पुसले, थकवा आहे म्हणाली, आणखी एक ग्लास चहा प्यायली. आठवड्याभराने ती परत गेली.

ती का रडली ते पुढच्या हिवाळ्यात कळलं. वायादोलिदच्याच एका म्हाताऱ्याचा फोन बतूलला लागला. इंटरनेट बंद होतं. दिवे कोणते लागलेत हे सांगण्याऐवजी तो विचारत बसला, मुली, तू बोलतेस कुठून? नियमाप्रमाणे ती म्हणाली, कंपनीच्या मदत केंद्रातून. तो हसला. म्हणाला, "मदत केंद्र आमच्या गावात होतं. माझी सून होती तिथे. तिच्याबरोबरच्या एका बाईला मोरोक्कोला शिकवायला धाडलं आणि परत आल्यावर सगळ्यांना घरी बसवलं. तुझा दोष नाही. पण माझी सून आता मेंढीचं मांस कापते बाजारात. बरं, सांग, कुठलं बटण दाबू?"

बतूलने त्याचं इंटरनेट चालू करून दिलं. मग हेडफोन काढून ठेवला आणि बराच वेळ जागेवर आली नाही. आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

"आपण कुणाच्या तरी खुर्चीत बसलोय, अन्वर. आणि ती बाई आमच्या घरी जेवली, पण तोंडातून शब्द काढला नाही तिने."

"मनाई असेल तिला."

"असेलच. पण मला विचारायचंही सुचलं नाही. एखादं काम आपल्याकडे येतं म्हणजे कुठून तरी येतं, एवढं साधं डोक्यात आलं नाही माझ्या."

त्यापुढे ती हे कधी बोलली नाही. काम केलं, आणि चांगलं केलं. काही वर्षांत तिच्या हाताखाली वीस-बावीस जण आले. आम्ही तिला कामगारांची प्रतिनिधी म्हणून निवडून दिलं, कारण ती साहेबाच्या तोंडावर बोलायची आणि बोलताना आवाज चढवायची नाही. संध्याकाळच्या पाळीच्या मुलींना घरापर्यंत सोडणारी गाडी तिनेच मिळवून दिली. मध्यंतरी कस्टममधल्या एका कारकुनाशी तिचं ठरलं होतं. लग्नानंतर नोकरी सोडायची, असं त्याच्या आईने सांगितल्यावर ते मोडलं. बतूलला त्याचं फार काही वाटल्याचं दिसलं नाही. लल्ला राहिमोला मात्र वाटलं, आणि ती ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिली.

मग एका वर्षी, ईद होऊन थोडे दिवस झाले होते, माद्रिदहून उर्रुतिया नावाचे साहेब आले. सगळ्यांना उपाहारगृहात गोळा केलं. म्हणाले, कंपनी तोट्यात आहे, गेल्याच महिन्यात वर निर्णय झाला, हे केंद्र बंद करून काम कोलंबियात न्यायचं. पेरेयरा नावाच्या शहरात. तिथे खर्च कमी, आणि शिवाय तिथली मुलं जन्मापासून स्पॅनिशच बोलतात.

मागून आमच्यातला म्फद्दल ओरडला, "मग आम्ही काय इतकी वर्षं चिनी बोलत होतो?"

लोक हसले. साहेबही थोडं हसले आणि पुढची गोष्ट सांगितली. पेरेयराच्या मुलांना आम्हीच पडद्यावरून शिकवायचं होतं. जे शिकवतील त्यांना भरपाई जास्त मिळणार होती. आणि त्या मुलांना आमचं केंद्र बंद होतंय हे सांगायचं नव्हतं. कंपनीचा विस्तार होतोय, एवढंच सांगायचं. त्यांची मनं बिचकायला नकोत, असं साहेबांचं म्हणणं.

त्या संध्याकाळी फद्दान चौकाजवळच्या कॅफेत आमची खडाजंगी झाली. म्फद्दल म्हणत होता, शिकवायचंच नाही, बघू काय करतात ते. तरुण मुली म्हणत होत्या, भरपाई सोडून कसं चालेल, घरभाडं कोण देणार. बतूल शेवटी बोलली.

"आपण नाही शिकवलं तर माद्रिदहून कुणी तरी जाऊन शिकवेल. त्या पोरांनी आपलं काय घोडं मारलंय? भांडायचं तर साहेबाशी भांडू."

"म्हणजे तू शिकवणार?" म्फद्दलने विचारलं.

"शिकवणार."

"आणि विस्तार होतोय म्हणून सांगणार?"

बतूलने समोरचा ग्लास उचलला. चहा गार झाला होता, तो तिने तसाच पिऊन टाकला.

वर्ग आमच्या दुपारी असायचा, तिकडे तेव्हा सकाळ. पडद्यावर छोट्या छोट्या चौकोनांत पेरेयराची मुलं बसलेली. काही जण न्याहारी करतच बसायचे. मी बतूलच्या शेजारी मदतीला होतो. पहिल्याच दिवशी तिने सुरुवात केली ती अशी: "माझं नाव बतूल. कामावरचं नाव पालोमा आहे, पण ते ग्राहकांसाठी. मी मोरोक्कोतल्या तेतुआन गावातून बोलतेय. शिकवायच्या आधी एक सांगायचं आहे. विस्तार वगैरे काही नाही. आमचं केंद्र बंद होतंय आणि ते काम तुम्हाला मिळतंय. तुमचा दोष नाही. पण तुम्हाला माहीत असलेलं बरं."

मी टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला, पण तोवर ती बोलून गेली होती.

मग एका चौकोनातून दायाना नावाची, मोठे कानातले घातलेली मुलगी म्हणाली, "बाई, आम्हाला माहीत आहे. भरतीच्या वेळीच सांगितलं होतं. म्हणाले, आफ्रिकेतलं केंद्र बंद होतंय, म्हणून तुमच्या जागा पक्क्या."

"भरती कधी झाली तुमची?"

"नाताळाच्या आधी. तुम्हाला कधी कळलं?"

"परवा," बतूल म्हणाली.

त्यावर पेरेयरात कुणी तरी "अरे देवा" म्हटलं. दायानाने चेहऱ्यावरचे केस मागे सारले. "मग, बाई, आता काय करायचं?"

"आता लाल दिवा," बतूल म्हणाली, आणि शिकवायला लागली. नेहमीसारखंच शिकवलं, मेर्सेदेसने आम्हाला शिकवलं होतं तसं, पायरी पायरीने.

घरी जाताना टॅक्सीत ती मला म्हणाली, "कळलं ना? गेल्या महिन्यात निर्णय झाला म्हणे. त्या पोरांना त्याच्या कितीतरी आधी, नाताळाच्याही आधी घेतलंय. आम्हा प्रतिनिधींशी आधी बोलायला हवं होतं, कायदा आहे. यांनी जागा भरल्या, खुर्च्या मांडल्या आणि मग आम्हाला बोलावलं."

"तू काय करणार?"

"विचारणार."

केंद्र बंद करायला सरकारची परवानगी लागते, त्यासाठी कामगार निरीक्षकाच्या कचेरीत बैठक झाली तेव्हा मी दुसरा प्रतिनिधी म्हणून तिच्यासोबत होतो. निरीक्षक वयस्कर गृहस्थ होते, निवृत्तीला आलेले, दोन्ही बाजूंचं ऐकून कंटाळलेले. उर्रुतिया साहेबांनी तोट्याचं सगळं समजावून सांगितलं आणि निर्णय अगदी अलीकडचा आहे हे पुन्हा सांगितलं.

बतूल म्हणाली, "पेरेयरातल्या मुलांना नाताळाच्या आधी कामावर घेतलं. तेतुआन बंद होणार हे त्यांना तेव्हाच सांगितलं होतं."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?" साहेबांनी विचारलं.

"मी ज्यांना शिकवते त्यांनी."

"त्यांच्याशी या विषयावर बोलायची तुम्हाला सक्त मनाई होती!"

बोलून गेल्यावर साहेबांच्या लक्षात आलं. त्यांनी खोटं आहे असं म्हटलं नव्हतं, मनाई होती असं म्हटलं होतं. निरीक्षकांनी चष्मा काढला, टायने पुसला आणि परत घातला. "म्हणजे नाताळाच्या आधी," ते म्हणाले, आणि लेखनिकाला म्हणाले, "लिहा."

यातून काम काही वाचलं नाही. ते वाचणार नाही हे बतूललाही ठाऊक होतं. पण प्रकरण लांबलं असतं तर केंद्र बंद करायची परवानगी मिळाली नसती, म्हणून कंपनी नमली. जास्तीची भरपाई शिकवणाऱ्यांनाच नाही, सगळ्यांना मिळाली. म्फद्दललाही मिळाली, एक अक्षर न शिकवता, आणि त्याने ते महिनाभर मिरवलं.

बतूलला मात्र बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी फाटकावर अडवलं. गुपित फोडलं म्हणून तिला कामावरून काढलं आणि तिची भरपाई रोखून धरली. तिचा वर्ग मी घ्यायला लागलो. पडद्यावर दायानाचा चौकोन नव्हता. मी विचारलं तर बाकीची मुलं खाली बघायला लागली. प्रत्येक वर्ग रेकॉर्ड होत होता. बतूल इतकी वर्षं नव्या मुलांना हेच बजावायची, जपून बोला, सगळं रेकॉर्ड होतंय. आणि स्वतः मात्र ते विसरली होती.

मी तिला हे सांगायला घरी गेलो तेव्हा ती स्वयंपाकघरात मटार सोलत होती. ऐकून हात थांबले तिचे.

"माझ्यामुळे गेली ती पोरगी."

"तिने तोंड उघडलं म्हणून गेली."

"मी विचारलं म्हणून उघडलं."

स्वतःची नोकरी गेली तेव्हा मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. पुढे तिने दायानाला इंटरनेटवर शोधून काढलं आणि माफी मागायला फोन केला. मी तिथेच होतो. दायाना बसमध्ये होती, आजूबाजूला प्रचंड गोंगाट.

"माफी कशाची मागताय, बाई? इथे समोरच्याच इमारतीत दुसरी कंपनी आहे. सोमवारी तिकडे लागले मी. आता टेक्सासवाल्यांच्या शिव्या खाते. पगार तेवढाच, पण शिव्या इंग्रजीतल्या, म्हणून कमी लागतात."

बतूल हसली. पण फोन ठेवल्यावर म्हणाली, "ती मला बरं वाटावं म्हणून म्हणाली की खरं आहे, कोण जाणे."

तिची केस कोर्टात दोन हिवाळे चालली. शेवटी तडजोड झाली आणि इतरांना मिळालं तेवढं तिलाही मिळालं. पण मधला काळ वाईट गेला. दुपारपर्यंत झोपायची. टीव्हीच्या आवाजावरून आईशी भांडायची. दोन ठिकाणी अर्ज केले, दोघांनीही तांजियरला राहायला या म्हणून सांगितलं, आणि आईला सोडून जाणं जमण्यासारखं नव्हतं. मी जायचो अधूनमधून. दार लल्ला राहिमो उघडायची आणि मोठ्याने म्हणायची, "ये बाळा, बघ बाबा, महाराणी उठल्यात का!"

त्याच गल्लीत खाल्ती, म्हणजे मावशी, झोहरा राहायची. तिचा मुलगा अलिकांतेला. रोज संध्याकाळी ती त्याच्या लेकरांना फोनवर बघायची, पण घरचं इंटरनेट बंद पडलं होतं. इंटरनेट कंपनीचा माणूस दुरुस्तीला येऊन दोनदा परत गेला होता, कारण घरी पुरुष नसताना झोहरा दार उघडत नसे, आणि घरी पुरुष कधीच नसे. ती बतूलकडे आली. "तू म्हणे हेच काम करायचीस. माझ्याकडे येऊन बघ ना जरा."

बतूल गेली. राउटरचे दिवे बघताक्षणी तिला कळलं की बिघाड घरात नाही, बाहेर आहे, जिन्यातल्या पेटीत. ती पेटीसमोर जाऊन उभी राहिली आणि तशीच उभी राहिली. मला नंतर म्हणाली, "आपण काय म्हणायचो, आठवतं? 'तंत्रज्ञ पाठवतो, धन्यवाद.' माझं काम त्या वाक्यापाशी संपायचं, अन्वर. तंत्रज्ञ येऊन काय करतो हे मी आयुष्यात बघितलं नव्हतं."

ते बघायला ती उस्ताद अब्देस्सलामकडे गेली. म्हातारा पूर्वी गावभर डिश बसवायचा, आता इंटरनेटच्या तारा ओढतो. त्याने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"शिडी धरशील?"

"धरीन. चढेनही."

"आणि पडलीस तर?"

"तर तुम्ही जाऊन आईला सांगायचं."

"मग पडू नकोस. लल्ला राहिमोला मी घाबरतो."

वर्षभर ती त्याच्याबरोबर गच्च्या चढली. काचेची तार केसाएवढी बारीक, ती जोडायला हात स्थिर लागतो. सुरुवातीला तिच्याकडून तुकड्यावर तुकडे वाया जायचे आणि उस्ताद म्हणायचा, "तार आहे ती, शेवई नव्हे." लोकांनी नावं ठेवली. लल्ला राहिमोची तर मान खाली गेली. माझी स्पॅनिश बोलणारी मुलगी शिडीवर चढते म्हणजे काय? लग्नघरी कुणी विचारलं तर ती नुसतंच "कंपनीत आहे" म्हणायची.

पण गावात खाल्ती झोहरासारख्या बायका पुष्कळ. नवरा स्पेनला, मुलगा बेल्जियमला, आणि घरात परका माणूस घ्यायचा नाही. एकीने दुसरीला सांगितलं. कोर्टाची भरपाई आली तेव्हा बतूलने तांजियरहून तार जोडायचं जुनं यंत्र आणलं आणि स्वतंत्र कामं घ्यायला लागली. एकदा एका घरचा मालक अवेळी परत आला आणि ती गच्चीवर. खालूनच ओरडला, "तुझ्या नवऱ्याला चालतं हे?"

"मला नवरा नाही," ती वरून म्हणाली, "आणि तुमच्या भिंतीत उंदराने तार खाल्लीय. भिंत फोडू की बाहेरून नवी ओढू, तेवढं सांगा."

त्याने बाहेरून ओढायला सांगितलं आणि चहा पाठवला.

बतूल वर असताना फोन उचलायला कुणी तरी हवं होतं. लल्ला राहिमोचे डोळे आता जरीकामाला साथ देत नव्हते, म्हणून ती फोन घ्यायला लागली. मी ऐकलंय तिचं बोलणं. "दिवा लाल आहे की हिरवा? माहीत नाही? मग मला काय विचारतेस, जा, बघून ये आणि मग कर फोन. आणि शुक्रवारी ती येणार नाही. शुक्रवारी कुसकुस असतो." आम्हाला कुणालाही अशा बोलण्यावर पहिल्याच दिवशी काढून टाकलं असतं. पण बायका पुन्हा फोन करायच्या, दिवा बघून करायच्या. बतूल म्हणते, आईमुळे निम्म्या तक्रारी फोनवरच मिटतात.

मार्तीलच्या रस्त्यावरची ती इमारत फार काळ रिकामी राहिली नाही. बेल्जियमचं विम्याचं काम घेणारी एक कंपनी तिथे आली. आमच्यातले ज्यांची फ्रेंच बरी होती ते परत आत गेले, मीही गेलो. भिंती रंगवल्या, खुर्च्या नव्या आणल्या. त्यांना अनुभवी पर्यवेक्षक हवा होता, फ्रेंच बेताची असली तरी चालणार होती. मी बतूलचं नाव सुचवलं आणि विचारायला मलाच पाठवलं.

ती एका नव्या इमारतीच्या जिन्यात पेटी उघडून बसली होती. मी पगार सांगितला, वेळ सांगितली, गाडी आहे म्हणून सांगितलं. तिने हातातली तार जोडून पुरी केली, मगच वर बघितलं.

"हे काम त्यांनी कुठून आणलंय?"

"लिएजहून, बहुतेक. तिथलं ऑफिस बंद केलं म्हणतात."

"आणि पुढे कुठे नेणार?"

"आता कुठे कळणार ते?"

"बघ ना," ती म्हणाली. राग नव्हता तिच्या बोलण्यात. "शिवाय तिथे दुपारचं जेवण घरी होत नाही. मला आता सवय झालीय घरच्या जेवणाची. तू कर, तुझ्या पोरांच्या शाळा आहेत. मला नको."

मी थोडा वेळ तिच्याजवळ पायरीवर बसलो. तिने मला पक्कड धरायला दिली, मग परत घेतली, कारण मी ती उलटी धरली होती. वरच्या मजल्यावरून एक बाई वाकून विचारत होती, झालं का, माझ्या सुनेचा फोन यायचाय.

मी ऑफिसात जाऊन सांगितलं की ती येत नाही. त्यांनी तिच्याऐवजी लाराशची एक मुलगी घेतली. कामाला बरी आहे.